भिंतीआड गेलेली खिडकी

ती. स्व. वहिनींस,

साष्टांग नमस्कार. तुमची पाठदुखी कशी आहे? दादा पथ्य पाळतोय म्हणे. ते खरं, की आपलं नेहमीचंच? मी खुशाल आहे, आणि नोकरीही अजून शाबूत आहे.

इमारतींना बाहेरून कपडे घालतोस म्हणजे करतोस तरी काय, असं तुम्ही विचारलं होतं. आम्ही भिंतीपासून चार बोटं जागा सोडून पॅनेलं बसवतो. पाऊस पॅनेलावर अडतो, चुकून आत शिरलाच तर फटीतून खाली गळून जातो, आणि खालून वर वारा खेळत राहतो, म्हणून भिंत कोरडी. (साहेब म्हणतात, मधली रिकामी जागाच खरं काम करते. त्यांच्या डोक्याबद्दल मात्र तसं म्हणवत नाही.) तर मागच्या आठवड्यात मी पाळण्यात उभा राहून (दोरांवर लटकणारा पाळणा, हसू नका) पाचव्या मजल्यावर होतो. ढग इतक्या जवळून चालले होते की इमारतच हळूहळू कुठेतरी निघाली आहे, असं वाटायला लागलं. त्या तंद्रीत मी एक अख्खी खिडकी झाकून टाकली. कुणी ओरडलं नाही, कारण त्या घरात शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात, एकट्याच, आणि त्या बहिणीकडे गेल्या होत्या.

सोमवारी त्या परतल्या. मी गच्चीच्या कठड्यापाशी फटीच्या तोंडाला जाळी लावत होतो, तर भिंतीच्या पोटातून आवाज आला, "अहो, माझी खिडकी कुठे गेली?" वहिनी, इतकी वर्षं असल्या फटींतून नुसता वारा वर येत होता. मी वाकून म्हणालो, "इथेच आहे, बाई. माझ्या हातून झाकली गेली." मग हवेबरोबर हसू वर आलं.

साहेब माझ्यावर उखडणार, तोच बाईंनी त्यांना शांतपणे सांगितलं, "मीच बुजवायला सांगितली होती. आता विचार बदलला." पॅनेल काढायला अर्धा तास लागला, कडा घासायला मी तीन दिवस घेतले. आत मशीन चालायचं, बाहेर माझी कानस, आणि चहा खिडकीतून. आमची ही गेल्यापासून आठ वर्षांत मी एवढा बोललो नव्हतो.

तुमचा धाकटा दीर

ता. क. तुम्ही दर वर्षी माझ्या लग्नाचा विषय काढता आणि मी उडवून लावतो. यंदा जरा काढा ना.

ता. क. दुसरा: पाकीट मागायला बाईंकडे गेलो, तर त्यांनी पत्रच वाचून काढलं. म्हणाल्या, "वहिनींना कशाला मध्ये घालता? मला विचारा की." विचारलं. तेव्हा आता विषय काढू नका, रविवारी दादाला घेऊन या.

(ही ओळ माझ्या, खिडकीवालीच्या, अक्षरात: शुद्धलेखन मी सुधारलं आहे. माणसाचं हळूहळू बघू.)