पाठ भिंतीला

५ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि आत्या निरोप सांगताना त्याला आपलं तिखटमीठ लावते, म्हणून पत्रच लिहिते.

ऑफिस बंद पडल्यावर मी घरी उशा शिवायला घेतल्या, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की एवढं शिकूनसवरून आता लोकांच्या डोक्याखाली जाणार का. हसत म्हणालात, पण मला लागलं होतं. असो. माझ्या उशा मानेचं माप घेऊन भरलेल्या असतात, कुणाला पातळ, कुणाला टणक. आमच्या गल्लीतल्या सगळ्या माना आता सुखात आहेत, त्यामुळे नवं गिऱ्हाईक येईना. तुमच्या जावयांचं म्हणणं, उन्हाळ्यापर्यंत जम बसला नाही तर पुन्हा नोकरी शोधावी. त्यांचं चुकतं असं नाही, पण मला हे काम सोडवत नाही.

सोबत गुंडाळी आहे ते तुमच्या गाडीच्या मागच्या काचेचं स्टिकर. 'मापाच्या उशा, घरी शिवलेल्या' आणि खाली माझा नंबर. गाडी हल्ली फार फिरत नाही हे मला माहीत आहे. पण तुमच्या दारासमोरच बसथांबा आहे, आणि ताटकळलेला माणूस समोर येईल ते वाचतो. एवढं कराल ना?

आशीर्वाद द्यालच, पण आधी काच पुसून घ्या.
तुमची
बिट्टी

१४ जानेवारी

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, पण काचेवर बोट उमटू दिलं नाही. आता म्हातारपणी माझ्याच गाडीचा फळा झाला. काल स्टिकर लावलं. काचेवर साबणाचं पाणी मारलं, कागद सोडवत वरून खाली आलो आणि रबराच्या पट्टीने पाणी काढलं. तुझी आत्या समोरच्या घरातून देखरेखीला आली होती. डावीकडे खाली गेलंय, उजवीकडे वर गेलंय, असं तिचं चाललं होतं. शेवटी मी तिला चहा करायला आत पाठवलं. एका अक्षराखाली फुगा राहिला, तो सुईने फोडला. आता ओळंब्याने तपासलं तरी चूक निघणार नाही.

काम बेताने कर. मशीनवर वाकून बसतेस, दुसऱ्यांच्या माना सांभाळताना स्वतःची घालवशील.

जावईबापूंना नमस्कार सांग. माया आहे, ती दरवेळी काय लिहायची.
बाबा

१० फेब्रुवारी

चि. बिट्टी,
अ. आ.

परवा फोनवर तुझा आवाज ओढलेला वाटला. नीट जेवतेस ना? स्टिकर कसं दिसतं म्हणून विचारलंस आणि मी विषय बदलला, ते तुझ्या लक्षात आलं असणार. माझ्या पोटात काही राहत नाही, तेव्हा सांगूनच टाकते. लावलं त्या दिवसानंतर मला ते दिसलेलंच नाही. दादा गाडी लावतो ती कायम पाठ भिंतीला आणि तोंड रस्त्याला. बसथांब्यावरून पुढचे दिवे तेवढे दिसतात. तुझ्या उशांची जाहिरात भिंतीवरच्या पाली वाचतात.

मी त्याला काही बोलले नाही. गाडीबद्दल अवाक्षर काढलं की तो दिवसभर घुश्शात असतो. तूच काय ते बघ, आणि माझं नाव सांगू नकोस.

राग नसावा, जीव आहे म्हणून लिहिलं.
आत्या

१६ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

महिना होऊन गेला, तुमच्या गावातून एकही फोन आला नाही. मी रोज फोन उशाशी घेऊन बसते. आज कळलं की स्टिकर भिंतीकडे तोंड करून उभं आहे. कुणी सांगितलं ते विचारू नका.

बाबा, तुम्हाला लाज वाटत असेल तर तसं सांगायचं होतं. ओळखीच्या लोकांनी मुलीचं काम वाचू नये असं वाटत असेल, तर मी ते समजू शकते. पण लावलं म्हणून कळवायचं आणि भिंतीआड दडवायचं, हे मला फार लागलं. नको असेल तर काढून टाका. गरम पाण्याने निघतं.

तब्येत जपा.
बिट्टी

२२ फेब्रुवारी

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी बाहेर गेलो आणि गाडीच्या मागे जाऊन उभा राहिलो. भिंत आणि काच यांच्यात जेमतेम मी मावलो. बिट्टे, शप्पथ सांगतो, माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. ड्रायव्हर माणूस गाडीत बसतो, गाडीकडे बघत नाही.

लाज कसली? तू पाठवलेल्या उशीवर मी झोपतो, मान दुखायची थांबली. हे आधीच लिहायला हवं होतं.

गाडी अशी का लावतो तेही ऐक. तू व्हायच्या वेळी मालकाची जीप माझ्याकडे असायची. ती मी गल्लीत तोंड आत करून लावली होती. तुझ्या आईला कळा सुरू झाल्या आणि मला गल्लीभर जीप उलटी न्यावी लागली. एकदा खांबाला घासली, एकदा गटारात चाक गेलं. मागच्या सीटवरून ती कळा सोसत मला सांगत होती, जरा डावीकडे घ्या, आता सरळ. तू जीपमध्येच व्हायची राहिलीस. त्या दिवसापासून माझी गाडी निघायच्या तयारीतच उभी असते. तुझी आई गेली, तू सासरी गेलीस, पण हात काही ऐकत नाही. तुझा फोन आला तर निघताना खोळंबा नको, एवढंच डोक्यात असतं.

काल गाडी उलटी लावली, तोंड भिंतीला. थांब्यावरची माणसं माना वाकड्या करून वाचतात, म्हणजे तुझं गिऱ्हाईक तयारच आहे. मला मात्र झोप लागली नाही. होईल सवय.

रुसवा सोड आणि पत्र पाठव.
बाबा

३ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी खूप रडले आणि मग आत्याला फोन करून तिच्याजवळही रडले. मी भलतंच समजून बसले, मला माफ करा.

थांब्यावरून आतापर्यंत चार फोन आले. एका शिक्षिकेने घरातल्या सगळ्यांची मापं दिली आहेत. तुमचे जावई आता नोकरीचं नाव काढत नाहीत, संध्याकाळी कापूस पिंजायला बसतात.

तरीही माझं ऐका. सोबत दोन लहान स्टिकरं आहेत, ती मागच्या दारांच्या काचांवर लावा. बाजूने जेवढं दिसेल तेवढं पुरे. गाडी आजच पुन्हा पूर्वीसारखी लावा, पाठ भिंतीला आणि तोंड रस्त्याला. आत्याला माझा आवाज ओढलेला का वाटला, ते डॉक्टरांनी कालच पक्कं सांगितलं. पावसाळा संपता संपता मी तुमच्याकडे येईन, आणि मग एखाद्या दिवशी मागच्या सीटवरून मीच सांगेन, बाबा, जरा डावीकडे घ्या, आता सरळ.

लोभ आहेच, तो गाडीसारखा तयार ठेवावा.
तुमची
बिट्टी