मिलच्या दारातला भाव

५ जानेवारी, सोमवार
सकाळी साडेदहाला पटले बाईंचा फोन. सरकारी भाव गोळा करणाऱ्या. दर तीन महिन्यांनी, पहिल्याच आठवड्यात. "नमस्कार काका. उसन्या तांदळाचा, उकड्याचा, भाव सांगा. पन्नास किलोचा कट्टा, मिलच्या दारातला. भाडं नाही, टॅक्स नाही." दर वेळी एवढं सगळं म्हणतात. मला पाठ आहे, तरी ऐकून घेतो.
सांगितला. मागच्यापेक्षा वीस रुपये वर, म्हणालो.
मिल बंद होऊन दुसरी दिवाळी गेली.
हे आज पहिल्यांदा लिहितोय. वहीत तरी लिहावं.

६ जानेवारी
काल अर्धंच लिहिलं. अठ्ठावीस वर्षं दवनीवाडा रोडच्या मिलमध्ये मुंशी होतो, वही-हिशेब माझ्याकडे. भाव सांगायचं काम माझंच. शेठ म्हणायचे, "सरकारी फोन मुंशीजी को दो." परवाच्या, म्हणजे गेल्याच्या आदल्या, दिवाळीआधी शेठनं मिल बंद केली, मशिनं रायपूरला विकली. गेल्या वर्षी जानेवारीत फोन आला तेव्हा सांगणारच होतो. त्याआधी बाई म्हणाल्या, "काका, अख्ख्या यादीत तुम्हीच एक वेळेवर सांगता." मग कुठलं सांगतो. भाव सांगून मोकळा झालो.
तेव्हापासून पाच वेळा झालं. तिवारीजी पलीकडच्या मिलचे मुंशी, जुने स्नेही. त्यांना विचारतो. आमचा माल त्यांच्यापेक्षा दहानं खाली जायचा, म्हणून दहा कमी करतो आणि बाईंना देतो. अगदीच हवेतला भाव नव्हता, अशी मनाची समजूत.
या वेळी मात्र तिवारीजी मुलीकडे रायपूरला, फोन बंद. हवेतलाच दिला.

११ जानेवारी, रविवार
विहारात वंदना. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज आपोआप बारीक झाला. शेवंताच्या, माझ्या बायकोच्या, लक्षात आलं. येताना म्हणाली, "घसा बसला का जी?" मी हो म्हणालो. म्हणजे आणखी एक.
तिला फोनचं ठाऊक आहे. फोन यायच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीवर बसतो, कानावर पेन्सिल. ती हसते. "नवरदेव बसले," म्हणते. तिला वाटतं बाई सहज विचारते, जुनी ओळख म्हणून.

२० जानेवारी
तिवारीजी आले. चौकात भेटले. "अरे मुंशीजी, भाव तो टूट गया. चालीस रुपया नीचे." नवं धान आलं की भाव उतरतो, हे मी कुणाला शिकवावं? मीच शिकवायचो नव्या पोरांना. मग वर का सांगितला?
खरं सांगायचं तर, आपल्या मिलचा भाव उतरला असं तोंडातून निघेना. जी मिलच नाही तिचा भाव. लाज वाटते.
तिवारीजी म्हणाले, "मिल तो बंद हो गई, अब भाव का क्या करोगे? अचार डालोगे?" हसलो.
बाईंना फोन करून चूक सांगता आली असती. नंबर काढला, ठेवून दिला.

१० फेब्रुवारी
बाईंचा अवेळी फोन. शर्टसुद्धा घातलेला नव्हता. "काका, नागपूरहून विचारून राहिले. सगळ्यांचा भाव खाली, तुमचाच वर. कारण लिवा लागते."
म्हणालो, "जुन्या धानाचा माल होता. जुना महाग जातो."
"हां, बरोबर," म्हणाल्या. लिहून घेतलं असेल. कारण मात्र फर्मास दिलं, अठ्ठावीस वर्षांचा अनुभव! दिवसभर जेवण गेलं नाही.

२० फेब्रु.
परत फोन. साहेबांना कारण पटलं नाही. जाऊन बघा म्हणाले. बुधवारी मिलवर येते, म्हणाल्या.
"काका, लय दिवसांत भेट नाही. चहा पाजा बरं."
पाजतो, म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

२४ फेब्रु., मंगळवार
मिलवर जाऊन आलो. बंद झाल्यापासून तिकडे फिरकलो नव्हतो. आता सिमेंटचं गोदाम आहे. धान उकडण्याचा वास नाही, सगळीकडे राखाडी धूळ. चौकीदार म्हणाला, "किससे मिलना है?" किसी से नहीं, म्हणालो. ज्या दारातला भाव मी सांगत होतो तिथं मला कोण हवं विचारलं.
येताना तिवारीजींच्या मिलमधून मूठभर उसना मागून आणला, कागदात पुडी बांधून. उद्या बाईंना नाक्याच्या टपरीवरच गाठायचं, शेठच्या घरी लग्न आहे, आज मिल बंद, असं सांगून पुडी दाखवायची आणि चहा पाजून वाटेला लावायचं. असा बेत. या वयात असले बेत.

२५ फेब्रु., बुधवार
मी टपरीवर साडेदहाला. बाई दहालाच थेट मिलवर पोचल्या होत्या.
वाट पाहून गेलो, तर गेटपाशी स्कूटी. बाई हेल्मेट हातात घेऊन उभ्या. ट्रकमधून सिमेंटची पोती उतरत होती.
"काका, मिल कोठी हाय?"
"इथंच होती."
"कधीपासून नाही?"
"परवाच्या दिवाळीआधीपासून."
बोटं मोजली त्यांनी. पाच. मग वजनकाट्याच्या जुन्या ओट्यावर बसल्या, धुळीत, साडीची पर्वा न करता. पुडी माझ्या खिशात होती. काढली नाही.
"काऊन सांगतलं नाही काका?"
"तुम्ही विचारत होत्या म्हणून."
हे कसं निघालं तोंडातून, मला माहीत नाही. पण खरं तेच. मिल गेल्यावर मला कुणी काही विचारलं नाही. भाजीचा भावसुद्धा शेवंता विचारते.
हेल्मेटवरची धूळ पुसली त्यांनी. मग म्हणाल्या, "भाव कोठून आनत होते?" तिवारीजींचं नाव सांगितलं. कपाळावर हात मारून हसल्या. "ती मिल बी माह्या यादीत हाय. म्हणजे एकाच तोंडाचे दोन भाव मी पाठवले!" उसन्याच्या मिली आपल्याकडे यादीत मोजक्याच. तिमाहीला भाव किती वर गेला, किती खाली आला, ते इथूनच वर जातं आणि देशाच्या आकड्यात मिसळतं. मला वाटायचं मी बाईंशी बोलतो. मी त्या आकड्यात बोलत होतो.
मग हसू थांबलं. "काका, मी पाची वेळा 'प्रत्यक्ष भेट' लिवलं आहे."
लेकरू लहान, तिरोड्याहून यायचं, काका फोनवर अचूक सांगतात तर कायले जावं, असं झालं म्हणे. नोकरी कंत्राटी. मार्चमध्ये पुढचं वर्ष मिळतं की नाही ते ठरतं. नवऱ्याचं दुकान आहे, पण नावापुरतं.
फॉर्म काढून दिला. 'उद्योग बंद झाल्याची तारीख', खाली मिलच्या माणसाची सही. शेठ आता रायपूरला, फोन उचलत नाहीत. उरलो मी.
"तारीख तुमी टाका. मी सांगनार नाही कोनती. सोमवारी घरून घेऊन जाते."
चहाचं विचारलं. नको म्हणाल्या. रागानं नाही. ते जास्त लागलं.

२६ फेब्रु.
खरी तारीख टाकली तर पाच तिमाह्यांचे आकडे दुरुस्त होतील. आणि पाच खोट्या भेटी उघड्या पडतील. जानेवारीतली, शेवटच्या भावानंतरची तारीख टाकली तर बाई वाचतात. माझं खोटं मात्र तसंच देशाच्या आकड्यात राहतं, सरकारी शिक्क्यासकट.
तिसरा मार्ग काढला. पत्र लिहिलं: बाई प्रत्येक वेळी आल्या, मीच त्यांना टपरीवर थांबवून फसवलं, दोष माझा. चांगलं दीड पान झालं. शेवंताला सगळं सांगून वाचून दाखवलं. आज प्रथमच सगळं सांगितलं.
ती म्हणाली, "कबुली देता देता बी खोटंच लिवता?"
फाडलं.

२७ फेब्रु.
शेवंता जेवताना बोलली. "खरं लिवाचं होतं तं पयल्या फोनले सांगाचं होतं. आता खरं तुमचं, अन् भोगाचं त्या पोरीनं?"
मग खोटं लिहू का, विचारलं.
"मले काय विचारता? मुंशी तुमी."

१ मार्च, रविवार
विहारात गेलो नाही. शेवंता एकटी गेली. खाली मान घालून बसलो असतो, त्यापेक्षा घरी बरं.
मिलच्या वहीत मी कधी खोडरबर वापरला नाही. चूक झाली तर एक आडवी रेघ, वर बरोबर आकडा, बाजूला सही. चुकलेलं पण वाचता आलं पाहिजे. शेठ वैतागायचे, पान खराब दिसतं म्हणून. मी ऐकलं नाही. याचा मला फार अभिमान होता, पोरांना ओरडून शिकवायचो. आणि पाच भाव मी असे दिले की रेघ मारायलाच जागा नाही.
संध्याकाळी नाक्यावरून फॉर्मची झेरॉक्स आणली. दोन्हीवर सही केली. एकावर खरी तारीख, एकावर जानेवारीतली. अक्षर दोन्हीकडे सारखंच सुंदर.

२ मार्च, सोमवार
सकाळी नऊला बाईंचा फोन. "काका, निघाली मी." भावाचं काही नाही. मीही शर्ट इस्त्रीचा घातला नाही.
मनाशी बाईंची परीक्षा घेत होतो. दोन्ही कागद समोर ठेवीन, हवा तो त्याच उचलतील, असं. म्हणजे पुन्हा माझं ओझं त्यांच्या डोक्यावर. लाज वाटली. त्या तर आधीच म्हणाल्या होत्या, तारीख तुम्ही टाका.
स्कूटी थांबली. शेवंता दार उघडायला गेली. "या बाई, चहा ठेवला आहे," म्हणतेय.
एक कागद टेबलावर ठेवलाय. दुसरा आत्ताच गादीखाली सरकवला. कोणता, ते या वहीतही लिहवत नाही.