बिनझेंड्याची काठी

१ फेब्रु., शनि.
हॉटेलच्या मुदीरसाहेबांनी, म्हणजे मॅनेजरनी, अरबी कागद हातात ठेवला. उद्यापासून हॉल नं. ३. चार दिवस. चाळीस खुर्च्या, झेंडे दोन. "अब्बास, मोठी माणसं आहेत. चूक नको." वर एका कागदावर सही घेतली, आत ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. म्हणून देशांची नावं इथेही लिहीत नाही. भिंतीला कान असतात, आमच्या लेबर कॅम्पच्या भिंतींना तर चार-चार.

कामाचं नाव वाचलं: महमिया. जीव भांड्यात पडला. शहराबाहेर वाळवंटात हीच पाटी आहे. हरणाचं चित्र आणि मैलभर तारेचं कुंपण. म्हणजे वन्यप्राणीवाले! स्टोअरमधून हरणांच्या चार फ्रेमा काढल्या, कासवाची एक. टेबलांवर हिरवी कापडं. झेंड्यांचा पितळी ठोकळा तीन भोकांचाच मिळाला. रिकामं भोक बरं दिसेना, त्यात नुसती काठी खोचली.

हॉल बघून आपल्याच पाठीवर थाप मारावीशी वाटली.

२ फेब्रु., रवि.
या अल्लाह, काय फजिती!

नऊला साहेब लोक आले, बारा जण. मग दुसरी मंडळी, सात जण. सावळे, आमच्या दाभोळ खाडीतल्या होडीतून उतरले म्हणावं असे. पुढे एक म्हातारी बाई, साध्या चपलांत. आत पाऊल टाकलं आणि सगळे थबकले. त्यांतला एक उंच गडी हरणांकडे बोट दाखवून ताडताड बोलू लागला.

मुदीरांनी मला दाराआड ओढलं. "अरे बाबा, जनावरांचा नव्हे, मुल्काचा महमिया! यांचं बेट शंभराहून जास्त वर्षं त्या साहेबांच्या राखणीत आहे. ते मोकळं करायचं बोलणं आहे. आणि तू त्यांना जनावरं केलंस! खलास. तुझं परतीचं तिकीट काढतो."

पायाखालची जमीन सरकली. मदरशात मौलवींनी अरबी वाचायला शिकवलं, कुठलंही पान घडाघडा वाचतो. अर्थ मात्र शिकलो इथल्या रस्त्यांवरच्या पाट्यांवरून. आम्हा कोकणातल्या बऱ्याच जणांची हीच गत. पाटीवर हरीण, तर माझ्या लेखी महमिया म्हणजे हरीण.

फ्रेमा उतरवायला स्टूल घेऊन धावलो. बाई समोर आल्या. चक्क हिंदीत बोलल्या! तरुणपणी मुंबईत मास्तरकी शिकल्या म्हणे.
"हे कोणी लावलं?"
"मी, बाई. चूक झाली."
"तुमच्या महमियात काय असतं?"
"हरणं. कुंपण. पाटी असते, आत येऊ नका, खायला घालू नका."
"हरणांना विचारून लावलं कुंपण?"
"नाही बाई. त्यांना कोण विचारतो?"
हसल्या. मुदीरांना म्हणाल्या, "फ्रेमा राहू द्या. माणूसही राहू द्या."

वाचलो.

३ फेब्रु., सोम.
पाण्याच्या बाटल्यांसाठी दाराशी मीच उभा. इंग्रजी निम्मं कळतं, निम्मं चेहऱ्यांवरून.

सकाळी आधी काठीवरून वाजलं. साहेबांचा एक तरुण माणूस म्हणाला, झेंडे दोनच ठरले होते, यजमानांचा आणि आमचा. ही तिसरी काठी काढा. मी पुढे झालो. बाई म्हणाल्या, "काठीला झेंडा नाही. मग आक्षेप कशाला?" काठी राहिली. मी खोचलेली काठी! भोक बरं दिसत नाही म्हणून!

मग दिवसभर एकच. बाई म्हणतात, तारीख लिहा. साहेब म्हणतात, योग्य वेळी. पुन्हा तारीख, पुन्हा योग्य वेळी. सैन्याचा तळ, बंदर, मासेमारी, सगळं दुपारपर्यंत जुळलं. तारीख जुळेना.

गहवा, म्हणजे अरबी कॉफी ओतणारा येमेनी सालेम बिचारा थकला. कप हलवल्याशिवाय तो थांबत नाही, आणि साहेबांना ते माहीत नाही. मोठे साहेब अकरा कप प्यायले. शेवटी मीच खूण केली.

घरून बायकोचा, कुलसुमचा फोन आला. नावं न घेता सांगितलं, इथे एक देश बनतोय, माझ्या हॉलमध्ये. म्हणाली, "तुमी खुर्च्या मांडा. देश ते मांडतील." बरोबर आहे. पण खुर्ची मांडताना हात जपून चालतो आता. या खुर्चीवर बसलेला माणूस हो म्हणाला की लाखभर माणसांच्या पासपोर्टावरचं देशाचं नाव बदलणार. विश्वास बसत नाही.

४ फेब्रु., मंगळ.
आज अंगावर काटा आला. अजून जात नाही.

मोठे साहेब म्हणाले, आम्ही तुमचं रक्षणच केलं, नाही का? बाई उठल्या. कासवाच्या फ्रेमपाशी गेल्या. आवाज चढवला नाही. "इथल्या एका माणसाने आम्हाला प्राण्यांचं अभयारण्य समजून हा हॉल सजवला. पहिल्या दिवशी मला राग आला. मग वाटलं, आमची स्थिती इतकी नेमकी कोणीच सांगितली नव्हती. तुम्ही रक्षण केलंत, हे खरं. विचारलं नाहीत, हेही खरं." मग म्हणाल्या, "मी शहात्तर वर्षांची आहे. माझे वडील 'योग्य वेळी' ऐकत गेले. मला ते परवडत नाही. मला जिवंतपणी बघायचंय."

माझ्या हातातली बाटली टेबलावर ठेवायची राहूनच गेली. कोणी माझ्याकडे बघितलं नाही, पण कान तापले. माझी चूक, आणि ती कुठे जाऊन बसली!

साहेब कागद चाळत राहिले. बेटवाले उठून गेले. उंच गडी पुटपुटला, उद्याचं विमान बघतो. मला वाटलं, संपलं सगळं, आणि हरणं लावली नसती तर कदाचित...

५ फेब्रु., बुध.
गेले नाहीत! यजमानांकडचे वयस्क शेख स्वतः त्यांच्या खोलीशी जाऊन बसले, असं सालेम सांगतो. म्हणाले, "माझ्या घरचा पाहुणा रागावून जात नाही." अकराला दोन्ही बाजू आत.

दुपारी कागद आला. मोठ्या साहेबांनी पेन काढून एक शब्द खोडला. महमिया. कागदभर जिथे जिथे होता तिथे, एकेक करून, स्वतःच्या हाताने. सतरा वेळा. मी मोजलं. नुसता पेनाचा खरखर आवाज. शंभराहून जास्त वर्षं, आणि जायला पाच मिनिटं लागली नाहीत. डोळे भरून आले, का ते कळेना. माझा कोण लागतो तो मुलूख?

बाबा आठवले. आपला देश मोकळा झाला तेव्हा ते आठ वर्षांचे. शाळेत साखर वाटली, एवढंच त्यांना आठवायचं. त्या वेळीही कुठेतरी कोणीतरी खुर्च्या मांडल्या असतील. त्याचं नाव कोणी विचारलं नसेल. बाबांना हे सांगायला हवं होतं.

तारखेची ओळ मात्र तशीच. 'दिनांक' आणि पुढे टिंबं. साहेब म्हणाले, ते आमच्या संसदेने भरायचं. बाईंनी टिंबांकडे खूप वेळ बघितलं. मग सही केली.

६ फेब्रु., गुरु.
निघाले. लॉबीत बाईंनी बोलावलं. "अब्बासभाई, ती काठी द्याल? काम झालं की परत करीन."
हॉटेलची वस्तू. मी मुदीरांकडे बघितलं. ते एकदम छतावरचं झुंबर बघायला लागले. धावत जाऊन काठी आणली.
मास्तरीण छडी धरते तशी बाईंनी ती बगलेत धरली. मी विचारलं, "बाई, भरतील का ते तारीख?"
"ठाऊक नाही."
"मग सही का केलीत?"
"आता रिकामी जागा तरी कागदावर आली. याआधी तीही नव्हती."
गाडीत बसताना काठी दाराला अडली. जरा तिरकी करून घेतली.

९ फेब्रु., रवि.
हॉल नं. ३ मध्ये उद्या लग्न. हिरवी कापडं गेली, सोनेरी आली. हरणं पुन्हा स्टोअरमध्ये. कासव मी माझ्या लॉकरशी लावलंय, मुदीर बघून पुढे गेले.

फोनवर बातम्या चाळल्या. बेटाबद्दल एक ओळ नाही. कालही नव्हती.

स्टोअरचा वर्गीस ठोकळा घेऊन आला. "अब्बासभाई, तीन भोकं, काठ्या दोन. एक हरवली असं लिहू?"
म्हटलं, "हरवली नाही."
"मग काय लिहू?"
"लिही, वापरात आहे."