विहीणबाईंच्या ब्रेकला तेल

मंगळवार, ४ नोव्हें.
आजपण तेच. फुलपाड्यापासून नंदाखालपर्यंत कीं कीं कीं. ब्रेकला बोट लावलं की विहीणबाईंची सायकल किंचाळते, आणि या बोट काढतच नाहीत. सपाट रस्त्याला पण ब्रेक. पोरगी दिली आमच्या घरात, कबूल. म्हणून माझे कान काय आंदण दिलेत मी?
म्हटलं, विहीणबाई, तेल घाला हो. तर म्हणे, "बावतीस म्हणाला, पॅड नवे आहेत, घासून घासून गप्प होतील. जरा धीर धरा."
धीर! नंदाखालचा सायकलवाला बावतीस, कारागीर चांगला, पण त्याच्या दुकानात घड्याळ झोपतं.
यांची सायकल दुकानातून कोरी आणलेली, डिस्क ब्रेकवाली, चाकातली चकती दाबून थांबणारी. बँकेतून निवृत्त झाल्या तेव्हा घेतली. माझी कोणीतरी टाकलेली, वाकड्या हँडलची. टायर मी बदलले, सीट मी बदलली, गिअरची तार मी ओढली. ब्रेक रबराचे. आवाज कसला तो नाही.

गुरु. ६
वि.बाईंची सायकल आमच्याच पार्किंगमध्ये असते, त्यांच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये मावत नाही. दुपारी खाली गेले. शिलाई मशीनच्या तेलाची कुपी नेली. दोन्ही डिस्कना दोन्ही बाजूंनी घातलं, चाक फिरवलं, ब्रेक दाबला. चूं नाही का चां नाही. फडक्याने पुसलं, चकचकीत.
बाप केळीची लोंगरं लादून सायकल आगाशीच्या बाजाराला न्यायचा. ती किरकिरली की तेल. तेलाने गप्प होत नाही अशी सायकल मी बघितली नाही.
सांगितलं नाही त्यांना. उद्या कळेलच, मग तोंड बघायचंय.

शुक्र. ७
पडल्या.
पुलाच्या उतारावर. चढताना खूश होत्या. "विहीणबाई, आज आवाज नाही बघा. शहाणी झाली माझी." मी हसले. सांगणार होते, पण म्हटलं खाली उतरल्यावर चहा पिताना सांगू, तेव्हा मजा.
मग मागून ओरडल्या, "ब्रेक लागत नाही! बाजूला व्हा!" माझ्या अंगाला चाटून गेल्या. खाली रिक्षा उभ्या होत्या, त्या चुकवायला वाळूच्या ढिगात घातली. उडाल्या. डावं मनगट मोडलं. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं.
रिक्षात माझ्या मांडीवर डोकं. मला म्हणतात, "तुम्हाला लागलं नाही ना?"

शनि. ८
प्लॅस्टर. सहा आठवडे तरी.
सायली, म्हणजे सून माझी, आईजवळून हलत नाही. रडून झालं, आता चिडलीय. "पॅड बावतीसनेच बदलले होते ना? त्याचंच काम हे." माझा मुलगा निलेश म्हणाला, मी जाऊन बघतो त्याला. म्हटलं तू नको, मी नेते सायकल.
का म्हटलं तसं? मला वाटलं होतं मी त्याला तिथे गेल्यावर सांगेन.

रवि. ९
रिक्षात आडवी घालून नंदाखालला नेली. बावतीस चर्चमधून, मिस्साहून आला होता, चांगल्या कपड्यातच खाली बसला. चाक काढलं, पॅड काढले, नाकाला लावले. "बाय, तेल लागलंय याला. डिस्कला बोटाचं तेल चालत नाय, आणि हे तर ओतल्यासारखं. ब्रेक धरनार कसा? कोनी घातलं?"
मी म्हटलं, मला काय माहीत.
आलं तोंडातून. परत घेता आलं असतं. तो बघत होता माझ्याकडे, दोन वाक्यं बोलायची होती फक्त.
त्याने पॅड परत नाकाला लावले. मग कपाळाला हात लावला. "मीच. गेल्या महिन्यात चेनला स्प्रे मारला तवा उडाला असनार. फडकं धरायला विसरलो असेन. आईशप्पत बाय, माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं."
मी चाक धरलं. त्याने नवे पॅड घातले, डिस्क घासून घासून साफ केली, चार वेळा ब्रेक दाबून बघितला. सायकल घेऊन आले घरी.

बुध. १२
सायलीने बायकांच्या सायकल ग्रुपवर टाकलं. बावतीसचं नाव, दुकान, सगळं. आईच्या प्लॅस्टरचा फोटो. खाली बायकांची रांग. माझी चेन पण त्याने ढिली ठेवली होती, मला पण तो कधी पटलाच नाही, वगैरे. कालपर्यंत याच बायका बावतीसभाऊ बावतीसभाऊ करत होत्या.
ग्रुपवर मी पण आहे. मला लिहायला वेळ लागतो. पण लिहिलं नाही ते त्यासाठी नाही.
वि.बाईंना सकाळी आंघोळीला मदत केली. केस विंचरले. "हळू हो, केस आहेत, काथ्या नाही." मग म्हणतात, "तुमचे उपकार कसे फेडू?" मोरीत जाऊन उगाच पाणी सोडलं.

गुरु. १३
तो आला. बावतीस. वि.बाईंच्या घरी, सुकेळी घेऊन, घरची वाळवलेली केळी. सोफ्याच्या कडेला बसला, टोपी हातात. "बाय, माझी चूक झाली. माफी करा." वि.बाई म्हणाल्या, होतं असं, जाऊ द्या. सायली त्याच्याशी बोललीच नाही, फोनमध्ये तोंड घालून बसली.
मी आत होते. चहा. साखर दोनदा पडली. बाहेर आणला तर तो उठून निघाला होता. मला म्हणतो, "येतो बाय. तुमची सायकल आना, गिअर वाजतोय, रविवारी ऐकला मी."
चहा मीच प्यायले. गोडमिट्ट.

शुक्र. १४
यांना सांगितलं. हे जेवत होते. "मग आता काय?" म्हटलं, सांगते जाऊन वि.बाईंना.
"वेडी का काय? तू वरमाय. मुलाच्या आईने मुलीच्या आईची माफी मागितलेली ऐकलीस कुठे? आणि सायली घरात आहे. रोज त्याच पोरीच्या हातचं खायचंय. गप बस, हाड जुळतंय."
लग्नात मी पाय धुवून घेतले होते त्यांच्याकडून. चांदीचं तबक नव्हतं म्हणून तोंड फुगवलं होतं वर. त्यांनी शेजारणीकडून तबक आणलं, हसत. तेव्हा मला ते बरोबर वाटलं होतं.

रवि. १६
सांगितलं.
त्यांच्या डोक्याला तेल लावत होते. पाठ माझ्याकडे, बरं झालं. म्हटलं, विहीणबाई, डिस्कला तेल मी घातलं. मशीनचं. आवाज जावा म्हणून. बावतीसचा काही दोष नाही.
 मी हात तसाच ठेवला.
"वेणी घाला आधी," म्हणाल्या.
घातली. मग वळल्या. "तेल घातलंत ते ठीक आहे. तुम्हाला माहीत नव्हतं. पण तो सुकेळी घेऊन आला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"
"आत. चहा करत."
"ऐकू येत होतं?"
"हो."
"मग जा आता तुम्ही."
दारापर्यंत गेले तर मागून, "सायलीला कळता कामा नये. ती तुमचं तोंड बघणार नाही. तिला त्या घरात राहायचंय, मला नाही."

मंगळ. १८
बावतीसकडे गेले. दुकानात एकच सायकल, दूधवाल्याची. त्याने माझी स्टँडला लावायला घेतली, तेवढ्यात बोलून टाकलं.
चाक फिरवतच राहिला. मग म्हणाला, "मी घरी बायकोला पन सांगितलं, माझ्या हातून झालं. झोप नाय आली." मग, "बाय, तुमी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं तेल कुठं घालायचं. एवढंच."
शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
म्हटलं, काय करू सांग. "ग्रुपवर सांगा. माझं नाव तिकडं गेलंय, तिकडूनच परत आना."
गिअर नीट केला माझा. आता वाजत नाही.

गुरु. २०
वि.बाई दार उघडतात, आत बोलावत नाहीत. केस सायली विंचरते. सायली मला विचारते, आईचं तुमचं काही झालं का? मी म्हणते, आईलाच विचार. त्या म्हणतात, काही नाही. पोरगी मधल्या मध्ये.
त्या सांगू देत नाहीत, सायलीसाठी. बावतीसचं दुकान रिकामं, माझ्यामुळे. एकाला वाचवायचं तर दुसऱ्याच्या मानेवर पाय. मला असलं जमत नाही, डोकं फिरतं.
हे म्हणतात थांब, विसरतील लोक. बावतीस विसरेल का?
मग संध्याकाळी वि.बाईंच्या फोनवर बोलून पाठवलं. लिहिलं असतं तर चुका काढत बसल्या असत्या. काय बोलले ते इथे उतरवते, नंतर मीच फिरवू नये म्हणून:
"विहीणबाई, मी बोलतेय. सायलीला तुम्ही सांगताय का मी सांगू, ते शनिवार संध्याकाळपर्यंत कळवा. काहीच नाही कळवलंत तर शनिवारी रात्रीच्या जेवणाला मी तिला समोर बसवून सांगणार, आणि रविवारी सकाळी ग्रुपवर. माझ्या तोंडाने, माझ्या नावाने. तिने तोंड नाही बघितलं तर नाही बघितलं. तुमची सायकल पुसून ठेवलीय, कोरड्या फडक्याने. डिस्कला हात लावलेला नाही. हात बरा झाला की माझ्याबरोबर येणार का नाही, तेही शनिवारपर्यंतच सांगा. नाही म्हणायचं असेल तर सरळ नाही म्हणा. मला वाट बघता येत नाही, तुम्हाला माहीत आहे."
दोन निळ्या खुणा आल्यात. ऐकलंय.