सत्काराच्या शालीचं स्टूल

प्रिय अजिनाथ,

आशीर्वाद. सवयीनं लिहिला, मनातून आलेला न्हाई. आठ दिवस झाले, त्या पुढारी विठ्ठलरावाच्या मागं मागं मुंबईला गेलास. माझा फोन उचलत न्हाईस, आन् बायकोला दिवसातून चारदा फोन करून ओरडतोस. म्हणून ही चिठ्ठी. चौथीपर्यंत शिकले, अक्षर वाकडं हाय. लावून वाच.

काल सुरेखाला म्हणालास, हापिसातलं ते स्टूल नीट करून घे आन् गुमान त्याच्यावरच बस. तर स्टूल मी नीट केलं. रेग्झिन पार फाटलं होतं, आतला काथ्या भुसा होऊन सांडत होता. पकडीनं खिळे उपसले, दगडावर ठोकून सरळ केले. खाली बारदान, वर जुन्या उशीचा कापूस पिंजून घातला. वरून कापड काय लावावं म्हणून पेटी उघडली, तर तुझी सत्काराची शाल दिसली. केले दोन तुकडे. एकावर एक ठेवून ताणून बसवले, कोपऱ्यांना करंजीसारखी मुरड घातली. चकाकी लई, लोकर नावाला. दुहेरी केली तेव्हा कुठं कापूस झाकला.

ओरडू नको. शाल तुझी नव्हतीच. निवडून कोण आलं? माईकवर नाव घेतलं सरपंच सुरेखाबाईंचं, आन् खांदा पुढं केलास तू. तिच्या हातात ब्लाउजपीस दिला. ती हसून घेत होती. हसताना तिचा चेहरा कसा झालता, ते मी समोर बसून बघितलं हाय.

फाटलं कसं ते बी ऐक. तू तिथं सांगत फिरतोस म्हणे, बायको डोक्यावर बसली. सोमवारच्या मीटिंगला ती रोजच्यासारखी कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. खिळा वर आला, लुगड्यात अडकला, सोडवताना रेग्झिन टरकन फाटलं. उभी राहिली बिचारी. हापिसात रिकामी एकच खुर्ची, तुझी. म्हणजे तिचीच. बसली. खुर्चीत बसल्यावर कुणीतरी विचारलं, हातपंप कुठं घ्यायचा? तर म्हणाली, शाळेपाशी. विठ्ठलरावाच्या गोठ्यापाशी न्हाई म्हणाली. ग्रामसेवकानं लिहून घेतलं. एवढाच तिचा गुन्हा. कशापायी एवढा भडकलास? तो पंप तू विठ्ठलरावाला आधीच कबूल केला होतास, हे मला आता शेजारच्या बायनाबाईकडून कळतंय. गावाचं पाणी तू कुणाला विचारून वाटलंस रे?

राग तुझा येतो, तेवढाच माझा बी येतो. ते स्टूल हापिसात मीच पाठवलं होतं. पहिल्याच दिवशी. चार माणसांत बाईनं खुर्चीवर बसलेलं बरं दिसत न्हाई, असं मीच तिला शिकवलं. ती "बरं आजी" म्हणाली आन् दीड वर्ष खिळ्यावर बसली. आता मी स्टूल चुलीपुढं ठेवलंय. त्याच्यावर मी बसते. गुडघ्यांना बरं पडतं.

आता चिठ्ठीचं कारण. आपल्या गल्लीतला सटवा उद्या तिकडंच निघालाय, सुरेखानं कागद त्याच्या हाती पाठवावा असं तू फोनवर सांगितलंस. ती पाठवतेय, पण मधी मी आले. हे सगळं मी त्याच कागदाच्या पाठीवर लिहिलंय. पान उलट. राजीनामा हाय. तू सांगितलास तसाच तिनं लिहिलाय, रडत रडत, "घरगुती अडचणीमुळे". अडचण कोण, ते घरात सगळ्यांना ठाऊक हाय. खाली सहीची जागा बघ. कोरी हाय. पेन माझ्या कनवटीला हाय, आन् ती आत्ताच घरातून हापिसला गेली.

तुझीच, आता काय करणार,
आजी छबुबाई