पवनेच्या खोऱ्यातले किल्ले

लोणावळे, १२ नोव्हेंबर १९०८

तीर्थस्वरूप अप्पांच्या चरणी,
भागीरथीचा सा. न. वि. वि.

अप्पा, तुम्ही सांगत होता ते सगळं खरं आहे! यांची रेल्वेतली बदली इथं झाली तेव्हा रडले होते. आता वाटतं, देवानंच आणलं. परवा आम्ही बैलगाडीनं पवना नदीच्या खोऱ्यात गेलो. नदी म्हणाल तर कावेरीचा एखादा कालवा. पण दोहों अंगांनी डोंगर, आणि डोंगरांवर किल्ले. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना. आपल्या सारंगपाणीच्या देवळाच्या गोपुराहून उंच मी काही पाहिलंच नव्हतं. मान वर करून नुसती उभी राहिले. विसापूरचे दरवाजे इंग्रजांनी सुरुंगानं उडवले, त्यांचे दगड अजून उतारावर पडलेत.

तिकोन्याच्या पायथ्याशी राहीबाई नावाच्या म्हातारीनं पाणी दिलं. माझं बोलणं ऐकून ती हसत सुटली. म्हणाली, तिची आजेसासू असंच बोलायची. आपले पूर्वज याच गडावरचे शिपाई, फौजेबरोबर तंजावरास गेले, असं सांगितलं, तर मला जवळ घेऊन म्हणाली, मग तू माहेरी आलीस.

तब्येतीस जपावे. मला आशीर्वादात ठेवावे.
तुमची भागीरथी

कुंभकोणम, २५ नोव्हेंबर

ती. सौ. अक्कास,
जानकीरामचा सा. न. वि. वि.

घरात चांगली काडी लावलीस! अप्पांनी तुझं पत्र ओट्यावर येईल त्याला वाचून दाखवलं, आणि आता तिकोना पाहायचा म्हणून हटून बसलेत. वैद्य म्हणतात, हृदय अशक्त, देवळाच्या पायऱ्यासुद्धा नकोत. शेजारच्या तिरुविडैमरुदूर गावाच्या पलीकडे न गेलेला माणूस म्हणतो, एकटा जाईन! अम्मानं बोलणं टाकलं आहे. तू नको म्हणून लिही, तुझंच ऐकतील.

भाच्यांना पापे. धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस.
जानकीराम

लोणावळे, १० जानेवारी १९०९

चि. जानकीरामास अनेक आशीर्वाद.

नको म्हणून लिहायला बसले होते, पण हात चालेना. म्हणूनच यांना मद्रासेपर्यंत सामोरं पाठवून अप्पांना आणवलं. रागावला असशील.

राहीबाईच्या मुलांनी डोलीतून त्यांना तिकोन्यावर नेलं, तीही काठी टेकत बरोबर आली. शेवटच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या इतक्या उभ्या, की तिथं डोली चालेना. अप्पा उतरले. एकेका पायरीवर बसत, धापा टाकत चढले. त्यांच्या छातीचा भाता पाहून मला वाटलं, मी बापाला मारायला आणलं.

वर पोचलो तेव्हा खालचं खोरं धुक्यानं भरलेलं. मग वाऱ्यानं ते हललं. आधी तुंगाचा सुळका निघाला, मागून लोहगड, विसापूर, आणि तळाशी नदी. अप्पांनी हात जोडले, ते किती वेळ खाली आलेच नाहीत.

मग त्यांनी राहीबाईला विचारलं, असला मुलूख सोडून आमची माणसं गेली तरी कशी? ती म्हणाली, बाबा, बघायला चांगला आहे. पण पिकतं काय इथं? उपाशी पोरं घेऊन किती दिवस बघत बसणार?

अप्पा उठून पडक्या दरवाजाशी गेले, उंबरठ्याच्या दगडाला कपाळ लावलं आणि कोणाशी बोलावं तसं म्हणाले, तिकडं आम्ही सगळी पोटभर जेवतो. काळजी करू नका.

खाली सुखरूप उतरलो. अम्माला सांग, पुढल्या आठवड्यात निघतील. आम्हां लांबच्यांची आठवण असू दे.
तुझी अक्का