आत्याच्या गच्चीवरची अँटेना

जुने शहर, अकोला
९ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. मनकर्णाताईस देवमनचा सविनय जयभीम. वि. वि.

पाकीट पाहून तू कपाळाला आठ्या घालशील, की फोन हातात असताना या बुढ्याला टपालाची हौस कशाला. ताई, पोलिसांच्या वायरलेसमध्ये माझी सगळी नोकरी दुसऱ्यांचं बोलणं ऐकण्यात गेली. फोनवर मी भाजीचा भाव बोलतो, त्याच्यापुढे जात नाही. हा विषय फोनवरचा नाही.

तुझ्या लाडक्या भाचीला तुमच्या शहराच्या अग्निशमन दलात जाऊन आता वर्ष होत आलं. जिल्हा परिषदेतल्या कारकुनाच्या जागेची ऑर्डर घरात येऊन पडली होती. ती सोडून रश्मी शिडीवर चढायला गेली. इंदू असती तर आईच्या हक्कानं तिनं तरी पोरीला आवरलं असतं. मी तेव्हाच सांगितलं होतं, की ही नोकरी सुटेपर्यंत माझ्याशी बोलू नकोस, आणि मी त्यावर कायम आहे. दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन वाजतो आणि वाजून बंद होतो. मी उचलत नाही.

पण बोलणार नाही म्हटलं, ऐकणार नाही असं म्हटलेलं नाही. तुझा अनुप पुढच्या महिन्यात दुबईहून येतो आहे. त्याला मी एक डिजिटल स्कॅनर आणायला सांगितला आहे. हा नुसता ऐकण्याचा संच असतो. आगीच्या गाड्यांवरची माणसं आपसात वायरलेसवर जे बोलतात ते त्यात ऐकू येतं. स्वस्तातल्या संचाला फक्त जुन्या तऱ्हेचं बोलणं कळतं, दलाकडे आता नवे डिजिटल संच आहेत. त्यातही जाती आहेत, एका जातीचं बोलणं दुसऱ्या जातीच्या संचात नुसतं गुरगुरतं. अनुपला मोठ्या रंगीत पडद्याचा आवडला होता. मी त्याला झापलं, की पडदा पाहायचा नाही, कान द्यायचा आहे.

अकोल्यात बसून अमरावतीचं काही ऐकू येत नाही, मध्ये फार अंतर आहे. म्हणून संच तुझ्या घरी आणि अँटेना तुझ्या गच्चीवर. तू ऐकायचंस आणि मला कळवायचंस, की पोरीचा आवाज आला. इतकंच पुरे.

राग माझा तिच्यावर आहे, तू त्यात पडू नकोस.

तुझा
देवमन


अमरावती
१६ फेब्रुवारी २०२५

चि. देवमन यास मनकर्णाचा जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि चहा गार झाला. तुला लाज कशी वाटत नाही? तूच ना तो, ज्यानं त्या हार्डवेअरवाल्याच्या गच्चीवरची अँटेना पाहून त्याचा चोरून ऐकण्याचा संच जप्त केला होता? वर महिनाभर सगळ्या नातलगांत मिरवत होतास, की सरकारी बोलणं ऐकणं गुन्हा आहे. आता तोच गुन्हा तू माझ्या गच्चीवर मांडायला निघालास. मी शाळेची मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाले. मोहल्ल्यात अजून माणसं मला पाहून उभी राहतात.

अरे, पोरगी दर आठवड्याला सुटीच्या दिवशी माझ्याकडे जेवायला येते. केसांना धुराचा वास असतो. पहिला घास घेण्याआधी विचारते, की बाबा बीपीची गोळी घेऊन राहिले का. आता हे मला काय माहीत? मी ठोकून देते, की घेतो. तुझ्यासाठी या वयात खोटं बोलावं लागतं मला. फोन उचलायला एक बोट लागतं आणि ते उचलायच्या ऐवजी तू दुबईहून यंत्र मागवतोस. तुझ्यासारखा हेकट माणूस मी आपल्या सात पिढ्यांत पाहिला नाही.

आणि तरी मी हो म्हणणार आहे, याचाच मला जास्त संताप येतो. भोंगा वाजवत गाडी घरावरून गेली, की माझ्या हातातलं काम थांबतं. गाडी परत येईपर्यंत मी खिडकी सोडत नाही. आणू दे अनुपला तो डबा. पण रश्मीला कळलं तर मी तुझंच नाव सांगेन.

गोळी वेळेवर घे, निदान माझं बोलणं तरी खरं होईल.

तुझी
ताई


जुने शहर, अकोला
७ मार्च २०२५

ती. स्व. ताईस सविनय जयभीम. वि. वि.

संच पोचल्याचं अनुपनं कळवलं. दलाचे चॅनल त्यानं भरून दिले आहेत. जाण्याआधी त्याच्याकडून अँटेना गच्चीवर बसवून घे. जितकी उंच तितकी चांगली, पण पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडपासून दूर. वायर उरली तर तिचं वेटोळं करून ठेवू नकोस, कापून टाकायला सांग. लांब वायरीत आवाज वाटेतच मरतो.

सुरू केलं की खरखर येईल. डावीकडची चकती खरखर थांबेपर्यंत फिरव आणि तिथेच थांब. त्याच्यापुढे गेलीस तर खरखरीबरोबर लांबून येणारा बारीक आवाजही दाबला जाईल. सोबतची पुस्तिका वाचत बसू नकोस, ती हौशी लोकांसाठी असते. मी लिहिलं तेवढं पुरे.

माझा हेकटपणा काढलास म्हणून लिहितो. वायरलेसच्या खुर्चीत बसून मी काय काय ऐकलं, ते इंदूलाही कधी सांगितलं नाही. माणूस बोलता बोलता थांबतो. आपण नाव घेऊन हाका मारत राहतो आणि तिकडून काही येत नाही. ज्या पोरीला मी कचेरीच्या खुर्चीत बसवणार होतो, ती पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली. मला राग येणार नाही तर काय पेढे वाटायचे?

आवाज आला की लिही, एका ओळीचं पत्र चालेल.

तुझा
देवमन


अमरावती
२० मार्च २०२५

देवमन,

आज आशीर्वाद नाही आणि जयभीमही नाही. आधी ऐकून घे.

मंगळवारी दुपारी शहराबाहेरच्या एका जिनिंगला आग लागली. तुझा डबा चालू होता. रश्मीचा आवाज आला आणि मी हातातलं लाटणं बाजूला ठेवलं. ती सांगत होती, की कापसाच्या गठाणी आतून पेटल्या आहेत, ती मागच्या दारानं पाइप घेऊन आत जाते आहे, आणि वरचे टिन. टिन इतकंच म्हणाली आणि आवाज गेला. त्यापाठोपाठ कोणीतरी बाप्या टँकरच्या डिझेलबद्दल बोलायला लागला. तो बोलतच राहिला. मी थांबले. रश्मी पुन्हा बोललीच नाही.

माझ्या मनात काय आलं ते तुला लिहायची गरज नाही. मी घरातल्याच चपला घालून बाहेर पडले, ऑटो धरला आणि तिथे पोचले. पोरगी गाडीच्या पायरीवर बसून चहा पीत होती. तोंड काळं, बाकी धडधाकट. मला पाहून आधी हसली. मग तिचं हसणं थांबलं. तिनं विचारलं, की आत्या, तुले कसं कळलं. आग कुठल्या बातमीत नव्हती, रस्त्यावरच्या माणसालाही माहीत नव्हती. मी आयुष्यभर पोरांचं खोटं पकडलं, त्या वेळी मला एक थाप सुचली नाही.

संध्याकाळी घरी आली आणि माझ्याशी न बोलता गच्चीवर गेली. लहानपणी स्कूटरवर पुढे उभी करून तूच तिला अँटेना ओळखायला शिकवलं होतंस. वर माझ्या कुरड्या वाळत होत्या आणि त्यावरचं जुनं पातळ मी अँटेनाच्याच नळीला बांधलं होतं. तिनं आधी पातळ सोडून नीट घडी घातली, मग नळी उतरवली. भांडली असती तर बरं झालं असतं.

ती गेल्यावर मी ती पुस्तिका वाचली, जी तू वाचू नकोस म्हणाला होतास. हा संच एका जागी बसत नाही, देवमन. चालू चॅनलवर थांबतो आणि बोलणारा दम घ्यायला थांबला की पुढच्या चॅनलवर निघून जातो. तिथे डिझेलवाला बडबडत होता, म्हणून तिथेच अडकला. रश्मी इकडे बोलतच होती. एकाच चॅनलवर राहण्यासाठी एक बटण दाबायचं असतं, ते पुस्तिकेच्या दुसऱ्याच पानावर छापलं आहे. तुझे पोलिसांचे संच जन्मभर एकाच चॅनलवर बसलेले होते, म्हणून तुला वाटलं जगातले सगळे तसेच असतात. तू स्वतःही त्यातलाच आहेस.

यापुढे मला पत्र नको. तिला फोन कर.

मनकर्णा


अमरावती
२२ मार्च २०२५

ती. बाबांस रश्मीचा सविनय जयभीम. वि. वि.

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून लिहिते. पाकीट तरी फोडाल.

चौकशी लागली असती तर पहिलं नाव माझं आलं असतं, की हिनेच चॅनल पुरवले. माझी नोकरी गेली असती. कदाचित तुम्हाला तेच हवं असेल. आत्याला या वयात आगीच्या तोंडाशी धावत यावं लागलं, त्याचा राग वेगळाच आहे. पण मला झोंबलं ते दुसरंच. माझा आवाज तुम्हाला हवा होता. रविवारी तो तुमच्याच हातातल्या फोनमध्ये वाजत असतो, फुकट आणि कायद्यात बसणारा. तो तुम्ही बंद होऊ देता आणि तोच चोरून ऐकायला माझ्या आत्याच्या घरावर नळ्या उभ्या करता.

मी लहान असताना तुम्ही जेवताना सांगायचे, की कोणी वायरलेसवर हाक मारली तर आधी ऐकलं म्हणून सांगायचं, मग काय करायचं ते ठरवायचं. लांब उभ्या माणसाला कळलं पाहिजे की इकडे कोणी आहे. हा नियम तुम्ही मोडला नाही म्हणून तुम्हाला मान होता. मी वर्षभर हाक मारते आहे, बाबा. फोन उचलला नाही, तर तुम्ही रागावून बसलात की घरात पडलात, हे मला कळत नाही. दर रविवारी तुमच्यानंतर मी शेजारच्या बेबीताईंना फोन लावते आणि विचारते, की बाबांच्या घरात दिवा लागला का. त्या अंगणात जाऊन पाहून येतात. दिवा लागलेला असतो, तेव्हा मी जेवते.

नोकरी मी सोडणार नाही. ते टिन माझ्या अंगावर पडणार नव्हते, कारण ते पडतील हेच मी वायरलेसवर सांगत होते. मागच्यांना थांबवत होते. अर्धं ऐकलं की असंच होतं.

चौदा एप्रिल आमच्या दलाचाही दिवस असतो. सकाळी जयंतीच्या गर्दीत आमची गाडी उभी राहील, नंतर केंद्र लोकांना पाहायला उघडं असतं. वायरलेसच्या खोलीत बाक आहे, तिथे कोणीही समोरासमोर बसून ऐकू शकतं. यायचं तर या. त्याआधी रविवार आहेच.

मी रागावलेली आहे, तरी गोळी घ्या.

आपली
रश्मी


जुने शहर, अकोला
३१ मार्च २०२५

ती. स्व. ताईस देवमनचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र नको म्हणालीस, तरी लिहितो. पुस्तिकेवरून तू मला जे सुनावलंस ते मी पोस्टमनसमोर उभ्यानं वाचलं. त्याबद्दल तुझ्यावर राग आहे. संच खोक्यात घालून अनुपकडे परत पाठव, मला त्याचं तोंड पाहायचं नाही.

पोरगी मला माझाच नियम शिकवते. तिचं पत्र वाचून दोन दिवस घरातल्या भांड्यांवर राग काढला. बेबीताई रविवारी अंगणात का येऊन उभ्या राहतात, हे मला त्या पत्रातून कळलं. मला वाटायचं, त्यांना झाडू मारायची वेळ तीच आहे.

काल फोन वाजला. मी तो समोर घेऊनच बसलो होतो. उचलला. तिकडून काही येईना. मी उचलेन असं तिला वाटलंच नव्हतं, म्हणून तिच्याजवळ बोलायला काही तयार नव्हतं. मागे कोणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. मी एवढंच म्हणालो, की ऐकून राहिलो, बोल. तेच पुन्हा म्हणालो.

मग ती जी भांडायला लागली, ती बराच वेळ. मी मध्ये बोललो नाही. नोकरीबद्दलचं माझं मत तेच आहे आणि ते तिला चौदा तारखेला त्या बाकावर बसून तोंडावर सांगणार आहे. मला बसस्टँडवर घ्यायला यायचं नाही, रस्ता ठाऊक आहे.

तुझी माया असू दे, आणि चौदाला ताटात कुरड्या असू देत.

तुझा
देवमन

ता. क. बेबीताईंना सांगून आलो, की आता रविवारी माझा दिवा पाहायची गरज नाही. त्या म्हणाल्या, की सवय झाली भाऊ, मी पाहीनच.